वादळाने मोडलेले ट्रेलरचे ऑनिंग: ठिगळ लावावे, कापड बदलावे की सगळेच नवे घ्यावे?

रानवाट (धागाकर्ता)

नमस्कार. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो आणि उन्हाळ्यात स्वतःचा ट्रॅव्हल ट्रेलर गाडीमागे जोडून फिरतो. जुलैमध्ये दक्षिण डाकोटातील बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात मुक्काम असताना संध्याकाळच्या वादळात ट्रेलरच्या ऑनिंगचे बरेच नुकसान झाले. दुरुस्ती नेमकी कुठून सुरू करावी, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, की दाराच्या बाजूच्या भिंतीवर एका लांब नळीभोवती गुंडाळलेले जाड कापड बटण दाबताच दोन धातूच्या आर्मवर बाहेर सरकते आणि दारापुढे सावली धरते. आमचे ऑनिंग १६ फूट लांब असून ८ फूट बाहेर येते. ते विजेवर चालते आणि त्याचे कापड व्हायनिलचे आहे.

डोक्यावर आकाश मोकळे होते आणि पश्चिमेला ढग दिसत होते. ऑनिंग आत घेणे सुरू होते, पण ते निम्मे आत आले असतानाच पावसाच्या आधी गार वाऱ्याचा झोत आला आणि त्याने मागची बाजू वर उचलून छपरावर आपटली. सध्याची स्थिती अशी आहे: मागच्या टोकाला, भिंतीलगत, कापड सुमारे ३ फूट फाटले आहे, मागचा आर्म पिळवटला आहे, त्याच्या वरच्या ब्रॅकेटचे स्क्रू भिंतीतून उपटून आले आहेत, आणि ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या रेलमध्ये कापडाची कड अडकवलेली असते ती रेल त्या टोकाला भिंतीपासून किंचित सुटली आहे. नळीही वाकली असावी असा संशय आहे. शेजारच्या लोकांच्या मदतीने सगळे पट्ट्यांनी घट्ट बांधून आम्ही ट्रेलर घरी आणला. कापडाला ठिगळ लावून भागेल का, आणि हे काम घरी करण्याजोगे आहे का?

प्रेअरीवासी

ठिगळाचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि आजच शिडी लावून छपरावर चढा. ऑनिंग उलटून छपरावर आपटते तेव्हा नळीचे टोक किंवा आर्म झरोक्याची झाकणे, एसीचे प्लास्टिकचे आवरण, अँटेना किंवा छपराचे रबरी आच्छादन यांपैकी कशाला तरी लागण्याची शक्यता मोठी असते. जमिनीवरून हे दिसत नाही. फाटलेल्या कापडातून घरात पाणी येत नाही, पण छपराला पडलेल्या नखाएवढ्या चिरेतून आणि उपटलेल्या स्क्रूच्या भोकांतून नक्की येते. छपराला चीर सापडली तर ती जागा स्वच्छ करून, पूर्ण कोरडी करून, छपरासाठीच मिळणारी चिकट सीलिंग पट्टी लावून टाका. स्क्रूच्या भोकांवरही तात्पुरती पट्टी लावा. ऑनिंगचे काम नंतर महिनाभर रेंगाळले तरी चालेल.

आपण वर्णन केलेला गार झोत या मैदानी प्रदेशात नेहमीचाच आहे. मेघगर्जनेच्या ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि तिची आघाडी पावसाच्या पुष्कळ पुढे धावते, म्हणून डोक्यावर ऊन असतानाही तडाखा बसतो. राष्ट्रीय हवामान सेवा ताशी ५८ मैल किंवा अधिक वेगाच्या वाऱ्याला, अथवा १ इंच व्यासाच्या गारांना, ‘तीव्र’ वादळाचा निकष मानते. ऑनिंग मोडायला मात्र एवढा वारा लागत नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. समोरून आपटणाऱ्या ताशी २० मैल वाऱ्याचा दाब दर चौरस फुटाला सुमारे १ पौंड भरतो, आणि ६० मैल वेगाला तो ९ पौंडांच्या वर जातो. आपल्या कापडाचे क्षेत्रफळ १२८ चौरस फूट आहे, म्हणजे सगळे कापड वाऱ्याला सामोरे गेले तर हजार पौंडांहून अधिक ओढ त्या चार ब्रॅकेटांवर येते. स्क्रू उपटले यात नवल नाही.

ह्यूस्टनकाकू

आमच्याकडे वाऱ्यापेक्षा पाण्याने जास्त ऑनिंगे मोडतात, म्हणून तेही लिहून ठेवते. दोन्ही आर्म एकाच पातळीवर ठेवले की मधोमध कापड खोलगट होते आणि पाणी साचते. चार फूट लांब-रुंद जागेत सरासरी ३ इंच पाणी साचले तर त्याचे वजन अडीचशे पौंड होते, आणि त्या भाराने नळी मधून वाकते. त्यामुळे आपली नळी वाकलेली निघाली, तर ती या वादळातच वाकली की आधीच्या एखाद्या पावसात, हे पाहून घ्या. विम्याचा माणूस तो प्रश्न विचारणारच. साध्या पावसातही एक कोपरा नेहमी हातभर खाली ठेवावा. काही विजेच्या ऑनिंगांत पाण्याचा भार आला की एक बाजू आपोआप झुकण्याची सोय असते, पण भर वाऱ्यात तिचा उपयोग नाही.

शिवणटीप

कापडाबद्दल मला लिहिता येईल, कारण बोटींच्या शिडांचे आणि आच्छादनांचे शिवणकाम मी बरीच वर्षे केले आहे. ऑनिंगचे कापड प्रामुख्याने दोन प्रकारचे असते. व्हायनिल जलरोधक आणि स्वस्त असते, पण उन्हाने त्यातला मऊपणा उडून ते कडक होते आणि ओले गुंडाळून ठेवले तर त्यावर बुरशी धरते. दुसरे विणलेले अ‍ॅक्रिलिक. त्याच्या धाग्यातच रंग असल्यामुळे ते लवकर विटत नाही, हवा खेळती राहते आणि ते लवकर वाळते, मात्र मुसळधार पावसात त्याला आतून हात लावला तर तिथून पाणी झिरपू लागते.

व्हायनिलच्या मधल्या भागातल्या छोट्या फाटीला ठिगळ उत्तम बसते. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, ठिगळाचे कोपरे गोल कापावेत म्हणजे ते उचकटत नाहीत, एच एच ६६ सारखा व्हायनिलचा गोंद दोन्हीकडे पातळ लावून तो चिकट होईपर्यंत थांबावे आणि मग रोलरने दाबावे. तो गोंद ज्वलनशील असल्याने काम उघड्यावर करावे. पारदर्शक चिकट ठिगळे घेणार असाल तर टिअर-एडचा ‘बी’ प्रकार व्हायनिलसाठी आणि ‘ए’ प्रकार इतर कापडांसाठी असतो. ‘ए’ व्हायनिलवर टिकत नाही. अ‍ॅक्रिलिकला मात्र गोंदापेक्षा सुई-दोरा बरा, आणि तोही उन्हात न कुजणारा पॉलिस्टरचा.

आपल्या बाबतीत मी ठिगळाचा सल्ला देणार नाही. ऑनिंग गुंडाळलेले असतानाही रेलपासून नळीपर्यंतचा कापडाचा पट्टा बहुतेक ऑनिंगांत उघडाच राहतो, आणि वर्षभर ऊन खाल्ल्याने तो सर्वांत आधी जीर्ण होतो. कापड ताणले की सर्वाधिक ओढही तिथेच येते. जीर्ण कापडाला लावलेले ठिगळ स्वतः टिकते; त्याच्या कडेला लागून नवी फाट सुरू होते.

रानवाट

सर्वांचे आभार. छपरावर जाऊन पाहिले. झरोक्याचे एक झाकण तडकले आहे आणि एसीच्या आवरणाला खरचटले आहे, पण छपराचे आच्छादन शाबूत दिसते. स्क्रूच्या भोकांत टोचा घालून पाहिला, तेव्हा मागच्या ब्रॅकेटच्या मागचे लाकूड थोडे मऊ लागले. हे पाणी या वादळाचे की जुने, ते कळत नाही. कापड बदलायचे असे शिवणटीप यांचे वाचून ठरवले आहे. आता यांत्रिक भागाविषयी कोणी मार्गदर्शन करील का?

पान्हे_हातोडी

मी विमानांच्या देखभालीत काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या ट्रेलरची कामे करतो. काम घरी होण्यासारखे आहे, पण तीन माणसे आणि दोन शिड्या हव्यात, आणि पुढील गोष्ट समजल्याशिवाय एकही स्क्रू सोडू नका.

ऑनिंगमध्ये ताकद साठवलेली असते. हाताने चालणाऱ्या जुन्या ऑनिंगांच्या नळीच्या टोकांना पीळ दिलेल्या स्प्रिंग असतात. टोकाचा भाग पिनेने अडकवल्याशिवाय नळी आर्मपासून सोडवली, तर तो भाग भयंकर वेगाने फिरतो. त्यात बोटे मोडलेली माणसे मी पाहिली आहेत. आपल्यासारख्या विजेच्या ऑनिंगांत बहुधा नळीच्या एका टोकाला १२ व्होल्टची मोटर असते आणि आर्ममध्ये गॅस स्ट्रट, म्हणजे दाबलेला वायू भरलेले दांडे, असतात, जे आर्मला सतत बाहेर ढकलत असतात. आर्मला आवरून धरणारी एकच वस्तू म्हणजे ते कापड. आपले कापड फाटलेले असल्यामुळे ती पकड आत्ताच अर्धी गेली आहे. म्हणून सर्वप्रथम दोन्ही आर्म मिटलेल्या स्थितीत रॅचेटच्या पट्ट्यांनी बांधा, आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत स्ट्रटला अडसर घालण्याची जी पद्धत दिली असेल ती वापरा, आणि त्यानंतरच पुढचे काम हाती घ्या. मागचा आर्म पिळवटलेला असल्याने तो सोडवताना कसा उसळेल याचा भरवसा नाही; त्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. एवढे एक काम फिरत्या तंत्रज्ञाला बोलावून करून घेतले आणि बाकीचे स्वतः केले, तरी त्यात कमीपणा नाही.

मग बाहेरून येणारी वीज आणि बॅटरी, दोन्ही तोडा. मोटरच्या तारांचे छायाचित्र काढा आणि रंगांना खुणा करा. तारा उलट जोडल्या गेल्या तर मोटर बिघडत नाही, केवळ ‘बाहेर’ आणि ‘आत’ ही बटणे उलटी चालतात. रेलच्या दोन्ही टोकांना कापड सरकू नये म्हणून छोटे स्क्रू मारलेले असतात, ते काढा. दोघांनी नळी दोन टोकांना धरावी आणि तिसऱ्याने कापडाची कड रेलमधून ओढत न्यावी. कापड नळीच्या वरच्या बाजूने गुंडाळले आहे की खालच्या, हे कापड काढण्यापूर्वी छायाचित्रात धरून ठेवा. नंतर हमखास वाद होतो.

नळी खाली उतरवली की दोन टोकांमध्ये बारीक दोरी ताणून पाहा. मध्ये फट दिसली तर नळी वाकली आहे, आणि वाकलेली नळी सरळ करायच्या फंदात पडू नये. ती थोडीशी वाकडी राहिली तरी कापड एका बाजूला सरकत जाते आणि दर वेळी कड कातरली जाते.

कागदपत्रे

थोडे थांबा! काहीही उतरवण्यापूर्वी विमा कंपनीला कळवा. मी विम्याच्या दाव्यांच्या क्षेत्रात काम केले आहे. ओढगाडीच्या, म्हणजे आपल्या ट्रकच्या, विम्यात ट्रेलरचे स्वतःचे नुकसान सहसा धरलेले नसते. ट्रेलरच्या स्वतंत्र पॉलिसीत ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ भाग असेल तर वादळाचे नुकसान त्यात येते. आपण आधी सोसायची रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, वजा करूनच पैसे मिळतात. ती ५०० डॉलर असेल आणि फक्त कापड गेले असेल, तर दावा करण्यात अर्थ नाही, कारण नुसते कापड साधारण दोनशे ते चारशे डॉलरांत मिळते. आपल्याकडे आर्म, नळी, झरोक्याचे झाकण आणि भिंत असे सगळे मिळून नुकसान आहे, म्हणून दावा करावा असे माझे मत आहे.

पॉलिसीत झीज आणि जुने पाणी मुरणे वगळलेले असते. त्यामुळे त्या मऊ लाकडाची छायाचित्रे प्रामाणिकपणे द्या, पण ते याच वादळातले आहे असे ठामपणे लिहू नका. पाहणी करणाऱ्याला ठरवू द्या. नुकसान वाढू नये म्हणून तात्पुरते झाकणे हे पॉलिसीधारकाचे कर्तव्यच असते, तेव्हा सीलिंग पट्टीची पावती जपून ठेवा. मोडलेले भाग पाहणी होईपर्यंत फेकू नका. त्या दिवशी तिथे वादळ झाले होते हे दाखवण्यासाठी नॉर्मन, ओक्लाहोमा येथील स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरच्या रोजच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. तारीख आणि जवळचे गाव पाहून ती नोंद जोडा. पॉलिसीत घसारा वजा करून रक्कम देण्याची अट आहे, की नव्या वस्तूची किंमत देण्याची, हेही एकदा वाचा. जुन्या कापडाच्या बाबतीत त्याने मोठा फरक पडतो.

रानवाट

दावा नोंदवला, पाहणी झाली. आर्म, नळी, कापड आणि झाकण मान्य झाले. लाकडाचे काम जुन्या पाण्यात धरून वगळले गेले, आणि ते मला योग्य वाटते. आर्म सोडवण्यासाठी पान्हे_हातोडी यांच्या सूचनेप्रमाणे तंत्रज्ञाला बोलावले. दोरी ताणून पाहिली तर नळी मधोमध स्पष्ट वाकलेली निघाली. आता अडचण अशी, की कापड आणि आर्म सहज घरपोच येतात, पण नळी पाठवायला विक्रेते मालवाहतुकीचे भाडे मागत आहेत आणि ते नळीच्या किमतीच्या जवळपास जाते.

ह्यूस्टनकाकू

यूपीएस आणि फेडेक्सच्या साध्या पार्सलची लांबीची मर्यादा १०८ इंच, म्हणजे ९ फूट आहे, म्हणून १६ फुटांची नळी मोठ्या ट्रकनेच येते. जवळच्या आरव्ही (राहण्याजोग्या प्रवासी गाड्या आणि ट्रेलर) विक्रेत्याकडे जाऊन विचारा. त्यांच्याकडे उत्पादकाचा ट्रक ठरावीक काळाने येतच असतो आणि त्यात आपली नळी टाकून घेतली तर भाडे नाममात्र पडते. वाट पाहायची तयारी हवी. दुसरा मार्ग म्हणजे अपघातात गेलेल्या ट्रेलरचे सुटे भाग विकणारी आवारे, पण तिथून घेताना ती दोरी खिशात घेऊन जा.

आणि कापड मागवताना ‘१६ फूट’ एवढेच सांगू नका. ऑनिंगचे माप एका आर्मच्या मध्यापासून दुसऱ्या आर्मच्या मध्यापर्यंत धरतात आणि प्रत्यक्ष कापड त्याहून काही इंचांनी अरुंद असते. जुने कापड मोजा, आणि विक्रेता कोणते माप विचारतो आहे याची खात्री करून घ्या.

प्रेअरीवासी

रानवाट, लाकूड मऊ आहे हे वाचून काळजी वाटली. नळीची वाट पाहण्याच्या काळात भिंतीचे काम उरकून घ्या. ओल्या लाकडात स्क्रू कितीही जाड घातला तरी धरत नाही. आतले पॅनेल थोडे उघडून पंखा लावा आणि दोन पिनांचा ओलावामापक घेऊन रोज मोजा. २० टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर कामाला हात घालू नये. १५ च्या खाली आला की पुढे जावे. भिंत फायबरग्लासची असेल तर तळहाताने चाचपून पाहा. कुठे फुगवटा लागला तर पाणी आतल्या थरांत शिरले आहे, आणि मग हे ऑनिंगचे काम राहत नाही.

पान्हे_हातोडी

ओलाव्याबद्दल सहमत. कुजलेला भाग कोरून काढा, त्या जागी लाकडाचा तुकडा इपॉक्सीने बसवा आणि पुन्हा भोक पाडा. भिंतीत अ‍ॅल्युमिनियमची चौकट असेल आणि तिथले आटे गेले असतील, तर जाड स्क्रूपेक्षा रिव्हनट, म्हणजे भोकात रिव्हेटसारखा पक्का बसणारा आट्यांचा नट, बसवलेला चांगला. ब्रॅकेट आणि रेल यांच्या मागे ब्युटाइलची (चिकट, मऊ रबराची) पट्टी लावून स्क्रू आवळा, कडेने बाहेर आलेले ब्युटाइल कापा आणि वरच्या कडेने आणि दोन्ही बाजूंनी, न ओघळणारा सीलंट फिरवा. छपरासाठी मिळणारा, स्वतः पसरून समतल होणारा सीलंट उभ्या भिंतीवर वापरू नका, तो खाली वाहून येतो. सिलिकॉन तर मुळीच नको. त्यावर पुढे दुसरे काहीही चिकटत नाही, आणि ते खरवडून काढण्यात अख्खा दिवस जातो.

खालची कड मी मोकळी सोडतो. यावर मतभेद आहेत, पण माझा विचार असा आहे, की पाणी कधीतरी आत शिरणारच आणि त्याला बाहेर पडायला वाट हवी. पावसाळ्याआधी कोकणात कौले शाकारताना वळचण कोणी लिंपून टाकत नाही, तसेच हे.

शिवणटीप

खालच्या कडेबाबत मीही त्याच मताची आहे. नवे कापड चढवताना रेलच्या तोंडाकडे विशेष लक्ष द्या. ते तोंड कापलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने धारदार असते आणि नवे कापड पहिल्याच हातभर अंतरात चिरले गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. कानशीने ती धार मारा, चपट्या स्क्रूड्रायव्हरने तोंड किंचित रुंद करा आणि रेलमध्ये सिलिकॉनचा वंगण फवारा मारा. सिलिकॉनचा सीलंट निराळा आणि हा फवारा निराळा, पण तो भिंतीच्या सांध्यांवर उडणार नाही याची काळजी घ्या, आणि सीलंटचे काम त्याआधीच पूर्ण करा. कापड उन्हात तासभर पसरून ठेवले तर मऊ होऊन सहज सरकते.

रानवाट

नळी विक्रेत्याच्या ट्रकमधून आली आणि काम पूर्ण झाले. लाकूड सुकायला सर्वाधिक वेळ लागला, बाकी सगळे एका शनिवारी आटोपले. पहिल्यांदा चालवून पाहिले तेव्हा गुंडाळताना कापड पुढच्या टोकाकडे तिरके सरकत होते; रेलमधले कापड नळीवरच्या कापडाशी बरोबर समोरासमोर नव्हते. ते इंचभर मागे ओढून टोकांचे स्क्रू मारले आणि तिरकेपणा गेला. नंतर रेलवर आणि ब्रॅकेटवर नळाचे पाणी बराच वेळ सोडून आतून ओलावा मोजला. आकडा वाढला नाही.

एक प्रश्न राहतो. वारा वाढला की ऑनिंग आपोआप आत घेणारा सेन्सर बसवावा, असे तंत्रज्ञ म्हणत होता. कोणी वापरला आहे का?

प्रेअरीवासी

मी वापरतो, आणि त्याच्या मर्यादा माहीत असतील तर तो ठीक आहे. यातले बरेचसे सेन्सर वाऱ्याचा वेग मोजत नाहीत; ऑनिंगच्या टोकाचे हलणे मोजतात. म्हणजे कापड हिंदकळू लागल्यावर त्याला कळते, आणि नंतर पूर्ण आत यायला बराच अवधी लागतो. हळूहळू वाढणाऱ्या वाऱ्यात हे पुरते, पण आपल्यावर आला तसा झोत त्याआधीच काम करून जातो. म्हणून ट्रेलर सोडून कुठेही जाताना आणि रात्री झोपताना मी ऑनिंग आतच घेतो, सेन्सर असला तरी.

पान्हे_हातोडी

आणि रस्त्यावरून जाताना गुंडाळलेल्या नळीला दोन्ही आर्मजवळ वेल्क्रोच्या पट्ट्या बांधा, कारण महामार्गावर बाजूने येणाऱ्या वाऱ्याने गुंडाळलेले कापडही सुटू शकते. ब्युटाइल पहिल्या काही उन्हांत दबते, त्यामुळे पुढच्या प्रवासाआधी ब्रॅकेटचे स्क्रू पुन्हा एकदा हाताने आवळून घ्या. ड्रिलने नको, नाहीतर नव्या लाकडातले आटेही जातील.